कॅमेरा कुणाच्या पायाशी उभा आहे?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी तरुणांचा अभ्यासवर्ग चालतो. मध्यंतरी एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून मुलांना एक जुना जर्मन चित्रपट दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, एकाने आणलेला प्रोजेक्टर आणि खाली सतरंजीवर पंचवीस-तीस मुले-मुली. चित्रपट होता 'ट्रायम्फ ऑफ द विल', म्हणजे 'इच्छाशक्तीचा विजय'. हिटलरच्या पक्षाच्या अधिवेशनावर १९३५ साली निघालेला हा प्रचारपट जगातल्या सिनेमाच्या शाळांमध्ये आजही अभ्यासला जातो. दिवे लागले तेव्हा क्षणभर कुणी बोलेना. मग लग्नसमारंभाचे व्हिडिओ शूटिंग करून घर चालवणारा एक मुलगा म्हणाला, "सर, बाकी काही म्हणा, पण कॅमेरा काय लावलाय! असं शूटिंग आज ड्रोन घेऊनसुद्धा आपल्याला जमत नाही." त्यावर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी भडकली. "लाखो माणसं मारणाऱ्याच्या सिनेमाचं कौतुक करतोस? लाज वाटत नाही?" वाद पेटला. अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे.

मी दोघांनाही थांबवले नाही, कारण दोघेही खरे बोलत होते. कॅमेरा अप्रतिम आहे हे खरे आणि ज्याच्यासाठी तो लावला तो माणूस मानवतेचा खुनी होता हेही खरे. पण ही दोन सत्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून चालत नाही. 'विचार वाईट, कला चांगली' असे म्हणून हात झटकणारा रसिक फसतो आणि 'विचार वाईट म्हणून बघायचेच नाही' असे म्हणणारा कार्यकर्ता निःशस्त्र राहतो. वकिली करताना एक गोष्ट शिकलो. साक्षीदार जितका गोड आणि सफाईदार बोलणारा, तितकी त्याची उलटतपासणी कसून करावी लागते. हा कॅमेरा असाच साक्षीदार आहे. त्याला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारले पाहिजेत आणि त्यासाठी आधी त्याची जबानी नीट ऐकून घेतली पाहिजे.

आधी प्रकरणाची हकीकत. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्ग शहरात नाझी पक्षाचे अधिवेशन भरले. त्याचे चित्रण करण्याचे काम हिटलरने लेनी रीफेनश्टाल या बत्तीस वर्षांच्या दिग्दर्शिकेवर सोपवले. १९०२ साली जन्मलेली ही बाई आधी नर्तकी होती, मग बर्फाच्या डोंगरांतल्या साहसपटांची नायिका झाली, मग स्वतः दिग्दर्शन करू लागली. तिच्या दिमतीला सुमारे १७० माणसांचा ताफा आणि ३० कॅमेरे होते. छायाचित्रकारांचा प्रमुख होता झेप आल्गायर. सुमारे साठ तासांचे चित्रण झाले आणि महिनोन्‌महिने कापाकापी करून त्यातून दोन तासांच्या आतला चित्रपट तयार झाला. मार्च १९३५ मध्ये बर्लिनच्या मोठ्या चित्रपटगृहात तो झळकला. त्याच वर्षी व्हेनिसला त्याला पारितोषिक मिळाले आणि १९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. ज्या लोकशाही फ्रान्सवर तीनच वर्षांनी हिटलरचे रणगाडे चालून गेले, त्याच फ्रान्समध्ये! म्हणजे कलेच्या नावाने डोळे झाकणारे तेव्हाही होते आणि ते चांगले शिकलेसवरलेले होते.

आता जबानी. चित्रपट सुरू होतो तो ढगांत. पांढऱ्या ढगांच्या राशीतून एक विमान तरंगत येते. खाली जुने शहर, मनोरे, छपरे, आणि रस्त्यांवरून चाललेल्या रांगा. त्या रांगांवरून विमानाची सावली सरकत जाते. विमान उतरते, दार उघडते आणि हिटलर बाहेर येतो. या सगळ्यात निवेदकाचा एक शब्द नाही. सुरुवातीच्या पाट्या सोडल्या तर संपूर्ण चित्रपटात निवेदन नाही. पडद्यावर कुणीही म्हणत नाही की हा देवदूत आहे, अवतार आहे. कॅमेऱ्याने त्याला आकाशातून खाली उतरवले, एवढे पुरेसे झाले. आपल्याकडे अवताराच्या कथा ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे उघड्या मोटारीतून मिरवणूक. कॅमेरा मोटारीत, हिटलरच्या पाठीमागे. त्याने हात वर केला की तळव्यावर ऊन पडते आणि तळवा उजळून निघतो. जणू प्रकाश सूर्याकडून नव्हे, हातातून येतो आहे. रस्त्यात एक बाई कडेवरचे मूल घेऊन पुढे येते, फुले देते. खिडकीच्या कठड्यावर बसलेली एक मांजरसुद्धा दिग्दर्शिकेने सोडली नाही. आई, मूल, मांजर, ऊन, फुले. बघणाऱ्याच्या मनातली प्रेमाची जेवढी म्हणून ठिकाणे आहेत, तेवढी सगळी एका माणसाच्या नावावर लिहून घेतली जातात. कायद्याच्या भाषेत याला बेकायदा ताबा म्हणतात. इथे तो लोकांच्या भावनांवर घेतला आहे.

आमच्या शूटिंगवाल्या मुलाला जे वाटले ते उगीच नाही. त्या काळात कॅमेरे अवजड होते. तरी अधिवेशनाच्या मैदानात, प्रचंड झेंड्यांच्या उंच खांबाला एक छोटी लिफ्ट बसवली होती. तिच्यातून छायाचित्रकार वर-खाली जात असे, म्हणून हजारो माणसांच्या रांगा पडद्यावर हळूहळू उलगडत जातात. नीट पाहिले तर एका दृश्यात ती लिफ्ट खांबावरून सरकताना दिसतेसुद्धा! भाषणाच्या मंचाभोवती वळणदार रूळ टाकले होते. वक्ता जागेवर उभा आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, त्यामुळे कंटाळवाणे भाषणही जिवंत वाटते. आगीच्या बंबांच्या शिड्या वापरल्या. छायाचित्रकारांना पक्षाच्या दलाचा गणवेश घालायला दिला, म्हणजे ते गर्दीत उठून दिसू नयेत. रात्रीच्या दृश्यांत मशाली, धूर आणि प्रकाशझोत. संगीत हर्बर्ट विंटचे. कारागिरी म्हणून यात नाव ठेवायला जागा नाही.

पण वर्गातल्या मुलांना मी एक काम दिले. चित्रपटातली काही दृश्ये पुन्हा लावली आणि म्हटले, आता गोष्ट बघू नका, भाषण ऐकू नका. फक्त एवढे टिपून ठेवा, की कॅमेरा कुठे उभा आहे. खाली, वर की समोर?

वह्यांमध्ये जे उतरले ते असे. हिटलर बोलतो तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो आणि वर बघतो. त्याच्या डोक्यामागे आकाश असते, दुसरा माणूस नसतो. लोक दिसतात तेव्हा कॅमेरा वर असतो आणि खाली बघतो. तेव्हा माणसे राहत नाहीत, चौकोन होतात, पट्टे होतात, रांगोळी होते. मध्येच लोकांचे चेहरे जवळून दिसतात, पण ते चेहरेही वरच बघत असतात. नेत्याचा चेहरा, मग भारावलेला चेहरा, पुन्हा नेत्याचा चेहरा. कात्रीने हे असे जोडले आहे की बघणाऱ्यालाही मान वर करूनच बसावे लागते. नेता आणि माणूस एका उंचीवर, समोरासमोर, बरोबरीने उभे आहेत असे दृश्य जवळजवळ सापडत नाही.

एक अपवाद मुलांनीच शोधून काढला. अधिवेशनाला आलेल्या तरुणांच्या तंबूंची सकाळ. मुले तोंड धुतात, एकमेकांवर पाणी उडवतात, दाढी करतात, जेवणासाठी रांग लावतात, कुस्ती खेळतात, हसतात. तिथे कॅमेरा त्यांच्या उंचीवर येतो. तो भाग खरोखर सुंदर आहे. पण थोड्याच वेळात सगळे गणवेशात शिरतात, कॅमेरा पुन्हा वर चढतो आणि ती हसणारी मुले रांगेतले ठिपके होऊन जातात. त्यातले किती जण पुढच्या दहा वर्षांत रशियाच्या बर्फात मेले असतील, याचा विचार केला की त्या हसण्याकडे बघवत नाही.

आणखी एक दृश्य आहे. श्रमसेवेचे बावन्न हजार तरुण, खांद्यावर बंदुकीसारखे फावडे. एक जण विचारतो, मित्रा, तू कुठला? एकेक जण आपल्या प्रांताचे नाव सांगतो. कुणी समुद्रकाठचा, कुणी जंगलातला, कुणी नदीकाठचा. वरवर पाहता किती छान! उच्च-नीच नाही, प्रांतभेद नाही, सगळे एक. पण त्या बावन्न हजारांतल्या एकाचेही नाव आपल्याला कळत नाही. नावे पडद्यावर येतात ती भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांची. आणि ज्या श्रमिकांच्या एकतेचे गोडवे इथे गायले जातात, त्यांच्या कामगार संघटना २ मे १९३३ रोजीच मोडून टाकल्या होत्या. हक्क काढून घेतला आणि हातात सन्मानाचे फावडे दिले. फावडे उचलणाऱ्याला बंधुता देतो म्हणायचे आणि स्वातंत्र्य व समता द्यायची नाही, ही चाल आपल्या लोकांना नवी नाही. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही तत्त्वे एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे का बजावले, हे या दृश्यात कळते.

आता चौकटीबाहेर काय आहे ते पाहू. चित्रपटातले सर्वांत गाजलेले दृश्य म्हणजे मैदानातली ती लांबरुंद मोकळी वाट. दोन्ही बाजूंना हजारो सैनिकी रांगा, आणि मधून फक्त तीन माणसे स्मारकाकडे चालत जातात. हिटलर, हिमलर आणि व्हिक्टर लुट्झे. कॅमेरा खूप उंचावरून बघतो. शांतता, शिस्त, गांभीर्य. हे दृश्य पाहून थक्क न होणारा माणूस विरळा. पण लुट्झेच्या जागी खरे तर दुसराच माणूस असायचा. पक्षाच्या तपकिरी गणवेशातल्या दलाचा प्रमुख एर्न्स्ट ऱ्योम. ३० जून १९३४ पासूनच्या तीन दिवसांत हिटलरने त्याला आणि इतर ऐंशीहून अधिक माणसांना ठार केले. खटला नाही, आरोपपत्र नाही, बचावाची संधी नाही. ३ जुलैला सरकारने एका वाक्याचा कायदा केला, की ही कृत्ये राज्याच्या संरक्षणासाठी केली असल्यामुळे कायदेशीर होत. खून आधी, कायदा नंतर! वकिली करणाऱ्या प्रत्येकाने हा कायदा डोळ्यांसमोर ठेवावा. त्यानंतर महिनाभरातच राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले, हिटलरने त्यांचे पद स्वतःकडे घेतले आणि सैनिकांना त्याच्या व्यक्तिगत निष्ठेची शपथ घ्यावी लागली. ती मोकळी वाट म्हणजे नुसती रचना नव्हे. रक्त धुऊन काढलेली जागा आहे ती.

याहून बोलका पुरावा हवा असेल तर तोही आहे. आधीच्या वर्षी, १९३३ साली, याच बाईने अशाच अधिवेशनावर 'श्रद्धेचा विजय' नावाचा चित्रपट काढला होता. त्यात ऱ्योम हिटलरच्या शेजारी दिसतो. ऱ्योमला मारल्यावर त्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. कित्येक दशकांनी इंग्लंडमध्ये एक प्रत सापडली. माणूस मारून भागले नाही, त्याचे चित्रही मारावे लागले. चित्राची ताकद हुकूमशहाला आपल्यापेक्षा जास्त कळते.

या चित्रपटाच्या बचावात एक युक्तिवाद नेहमी केला जातो. दिग्दर्शिकाही जन्मभर तोच करत राहिली. म्हणे, यात ज्यूंविरुद्ध काही नाही, यात फक्त घडले ते दाखवले आहे. पहिली गोष्ट अशी, की यात श्ट्रायखर नावाचा पुढारी आपल्या भाषणात वंशाच्या शुद्धतेचा इशारा देतोच. पण समजा ते वाक्यही काढले. मग काय उरते? एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला, त्याच दिवशी ज्यू वकिलांच्या सनदांवर घाला घालणारा कायदा झाला, डाखाऊची छळछावणी उघडून दीड वर्ष झाले होते. हे सगळे पडद्यावर नाही. शहरातली एवढी आनंदी गर्दी दिसते, तिच्यात त्या शहरातला ज्यू शेजारी कुठे आहे? ज्याला समाजातून हाकलायचे आहे त्याला शिव्या द्याव्याच लागतात असे नाही. त्याला चित्रातून वगळले तरी चालते. गावाच्या चित्रातून महारवाडा, मांगवाडा वगळून 'आमचा गाव किती एकोप्याचा' म्हणणारे आपण पाहिले आहेत. वगळणे हीसुद्धा शिवीच आहे, फक्त ती गोड आवाजात दिलेली असते.

आणि जे पडद्यावर वगळले ते बरोबर एका वर्षाने कायद्याच्या पुस्तकात आले. याच न्यूरेंबर्ग शहरात, पुढच्या अधिवेशनात, १५ सप्टेंबर १९३५ रोजी दोन कायदे जाहीर झाले. एकाने ज्यूंना समान नागरिकत्वातून बाहेर काढले. दुसऱ्याने 'जर्मन रक्ता'च्या माणसाशी त्यांचा विवाह आणि शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला. रक्ताची शुद्धता आणि रोटी-बेटीची बंदी! १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ सजातीय विवाहात आहे हे दाखवून दिले होते. म्हणून १९४३ साली त्यांनी अस्पृश्यांवरच्या सनातनी जुलमाची तुलना नाझींच्या ज्यूद्वेषाशी केली, तेव्हा ती आवेशात केलेली उपमा नव्हती. दोन्हींच्या गाभ्याशी असलेली विवाहबंदी त्यांनी अभ्यासातून ओळखली होती.

'घडले ते दाखवले' या दाव्याचीही उलटतपासणी करू. १९३५ साली या चित्रपटाच्या निर्मितीवर दिग्दर्शिकेच्या नावाने एक पुस्तक निघाले. त्यात अधिवेशनाची तयारी आणि चित्रीकरणाची तयारी बरोबरीने चालल्याचे सांगितले आहे. पुढे ते पुस्तक आपण लिहिलेच नाही असे ती म्हणू लागली. अधिवेशनाचा वास्तुरचनाकार अल्बर्ट श्पेअर याने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की चित्रण बिघडल्यामुळे काही पुढाऱ्यांची भाषणे नंतर स्टुडिओत, खोटा मंच उभारून पुन्हा करवून घेतली. तिने तेही नाकारले. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला असता तर न्यायाधीशांनी काय नोंद केली असती हे सांगायला नको.

पण माझ्या मते सर्वांत जड पुरावा दुसऱ्याच चित्रपटाचा आहे. महायुद्धाच्या काळात तिने 'टीफलांट' नावाचा चित्रपट काढायला घेतला. त्यात गर्दीसाठी माणसे हवी होती. ती तिने आणली १९४० साली झाल्त्सबुर्गजवळच्या माक्सग्लान छावणीतून आणि पुढे बर्लिनच्या मार्त्सान छावणीतून. ही माणसे रोमा आणि सिंती जमातींची होती. युरोपात शतकानुशतके भटकी म्हणून हिणवली गेलेली, जिच्या भाषेची मुळे आपल्या भारतात आहेत अशी ही माणसे. त्यांत लहान मुलेही होती. चित्रण संपले आणि ती छावणीत परत गेली. त्यांतल्या अनेकांना पुढे आउशविट्झला पाठवण्यात आले. युद्धानंतर ही बाई सांगत राहिली, की ते सगळे मला नंतर भेटले, कुणालाच काही झाले नाही. अखेर २००२ साली, ती शंभर वर्षांची असताना, रोमा लोकांच्या संघटनेने कायदेशीर कारवाई केली आणि तिला ते विधान मागे घ्यावे लागले. युद्धानंतरच्या चौकशांत तिला फक्त 'सोबत चाललेली' असे ठरवून मोकळे सोडले होते. २००३ साली ती वारली. ज्यांचे चेहरे तिने पडद्यासाठी वापरले, त्यांना एवढे आयुष्य मिळाले नाही.

आता या खटल्यातले उलट वळण पाहा. २० नोव्हेंबर १९४५ रोजी त्याच न्यूरेंबर्ग शहरात आंतरराष्ट्रीय न्यायासन बसले. ११ डिसेंबरला सरकारी पक्षाने न्यायालयात 'नाझी योजना' नावाचा, नाझींच्याच चित्रफिती जोडून तयार केलेला चित्रपट दाखवला. त्यात रीफेनश्टालच्या या चित्रपटातली दृश्येही होती. हेस, रोझेनबर्ग, श्ट्रायखर आणि नाझींचा कायदेपंडित हान्स फ्रांक हे चौघेही तिच्या चित्रपटात मंचावरून भाषण करताना दिसतात. तेच चौघे आता आरोपींच्या बाकावर बसून स्वतःला पाहत होते. हेसला जन्मठेप झाली, बाकी तिघे ऑक्टोबर १९४६ मध्ये फासावर गेले. स्तुतीसाठी केलेले चित्रण शेवटी पुरावा म्हणून दाखल झाले!

त्याआधी, १९४२ साली, इंग्लंडमध्ये आणखी एक गंमत झाली होती. चार्ल्स रिडले नावाच्या माणसाने याच चित्रपटातले तुकडे घेतले, पाय उचलून चालणाऱ्या सैनिकांना पुढे-मागे, पुढे-मागे केले आणि त्याला त्या काळच्या लोकप्रिय नाचाची चाल जोडली. हिटलर आणि त्याचे सैन्य नाचू लागले, लोक पोट धरून हसले. चित्र तेच, कात्री वेगळी. मी ही दोन मिनिटांची फीत वर्गाला शेवटी दाखवली. तोवर दबलेला वर्ग खळखळून हसला. भीती आणि भक्ती दोन्ही एका कात्रीने कापता येतात, हे त्या हसण्याने शिकवले. भाषणाने ते शिकवता आले नसते.

हे सगळे आपल्याशी कशाला? असे कुणी विचारेल. म्हणून आता बाबासाहेबांकडे येतो. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर प्रहार केला. थोर माणसाबद्दल आदर असणे वेगळे आणि त्याच्यापुढे विचारशक्ती गहाण टाकणे वेगळे, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले, की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती हमखास अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. 'पायाशी' हा शब्द मला या चित्रपटाने नव्याने समजावला. भक्ती म्हणजे कॅमेरा पायाशी ठेवणे. पायाशी बसून वर पाहिले की कुणीही आकाशाएवढा दिसतो.

आणि आपला शास्ता? तथागतांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी जागा ठेवली नाही, हे बाबासाहेबांनी मुद्दाम अधोरेखित केले आहे. वारस नेमा म्हणून विनवले तेव्हा त्यांनी नकार दिला. धम्म हाच मार्गदर्शक, असे सांगितले. आकाशातून उतरण्याचा दावा त्यांनी केला नाही. ते गावोगाव पायी चालले आणि समोर बसलेल्याशी बोलले.

आता थोडे आपल्या आत बघू. हे लिहिताना काही मित्र नाराज होतील, होवोत. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ येतात ते पाहा. ड्रोन वरून फिरतो, खाली निळा समुद्र. मग स्थानिक पुढारी, खालून घेतलेला, संथ गतीत, चष्मा सरळ करणारा, पाठीमागे ढोल. पुन्हा समुद्र. पुन्हा पुढारी. त्या समुद्रातल्या बाया सकाळपासून उन्हात उभ्या आहेत, त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे, वसतिगृहात जागा नाही, यातले एक वाक्य त्या व्हिडिओत नसते. बाबासाहेबांचे चित्रही आता पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात जाऊन बसले आहे आणि फ्लेक्सचा मधला भाग भाऊ, दादा, साहेबांनी व्यापला आहे.

मला मुलांचा मोह समजतो. चैत्यभूमीवर येणारा आपला लाखोंचा जनसागर वर्षानुवर्षे मोठ्या वृत्तपत्रांना दिसला नाही. दिसला तेव्हा 'वाहतूक कोंडी' आणि 'कचरा' म्हणून दिसला. ज्यांना कुणी मोजले नाही, त्यांना स्वतःची संख्या वरून दाखवावीशी वाटली तर त्यात गैर काय? काहीच गैर नाही. आपली गर्दी आणि न्यूरेंबर्गची गर्दी एक नव्हे. ती हुकमाने जमवलेली होती. आपली मात्र कृतज्ञतेने, स्वतःच्या पैशाने, भाकरी बांधून येते. तिच्यात पुस्तकांचे स्टॉल असतात. म्हणूनच तिचे चित्र त्यांच्यासारखे काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ड्रोनला डोकी दिसतात, त्या डोक्यांतले विचार दिसत नाहीत. पुस्तक विकत घेताना पदराच्या गाठीतले पैसे सोडणारी म्हातारी दिसायची असेल तर कॅमेरा खाली, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा लागतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. प्रत्येक पक्षाकडे, प्रत्येक सत्तेकडे पगारी चित्रण पथक आहे. तीस कॅमेऱ्यांनी आणि सहा महिन्यांच्या कात्रीने जे साधले, ते आता एका रात्रीत होते आणि सकाळी आपल्या पोरांच्या हातात येते. म्हणून जसे आपण अक्षर वाचायला शिकलो, तसे चित्रही वाचायला शिकले पाहिजे. कोणतेही चित्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत. कॅमेरा कुठे उभा आहे? चौकटीबाहेर कुणाला ठेवले आहे? आणि यात बोलतो कोण, नुसता ऐकतो कोण? प्रश्न सोपे आहेत. विरोधकांच्या चित्राला ते विचारणेही सोपे आहे. आपल्या माणसांच्या चित्राला विचारताना खरी कसोटी लागते.

त्या रविवारी वर्ग संपल्यावर शूटिंगवाला मुलगा मागे थांबला. म्हणाला, "सर, यंदा जयंतीचं शूटिंग माझ्याकडे आहे. कमिटी म्हणते, अध्यक्षांची एंट्री खालून घे, भारी दिसते. काय करू?" ती कायद्याची विद्यार्थिनीही तिथेच सतरंजी गुंडाळत उभी होती. मी उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, "अध्यक्षांना घे की. पण सगळ्यांना घेतोस तसंच घे." मला यात भर घालण्यासारखे काही वाटले नाही. जयंती कमिट्यांनीही हे ऐकावे, एवढीच विनंती.

जयभीम!